नियत (इस्लामी विधिशास्त्र)

नियत म्हणजे कोणतीही कृती करताना कर्त्याच्या मनात असलेला हेतू अथवा संकल्प. इस्लामी विधिशास्त्रात, म्हणजे फिक्हमध्ये, उपासना, खरेदी-विक्री, तलाक, दान, वक्फ आणि गुन्हा या सर्व विषयांत हेतूचा विचार होतो. हेतूनुसार एकच कृती पुण्यप्रद किंवा निरर्थक, वैध किंवा अवैध, सौम्य किंवा गंभीर ठरू शकते. मात्र हेतू मनात असतो आणि न्यायाधीशाला मन दिसत नाही. त्याच्यापुढे असतात ते उच्चारलेले शब्द, लिहिलेले दस्तऐवज, मालमत्तेचा ताबा आणि साक्षीदार. त्यामुळे हेतूला किती वजन द्यायचे आणि बाह्य पुराव्याला किती, हा या विषयाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. निरनिराळ्या विधिपंथांनी त्याची निरनिराळी उत्तरे दिली आहेत.

महाराष्ट्रात हा भेद प्रत्यक्ष पाहता येतो. सोलापूरसह दख्खनच्या पठारावरील बहुसंख्य सुन्नी मुस्लिम हनफी पंथाचे आहेत, तर कोकणी मुस्लिम प्रामुख्याने शाफई पंथाचे. शिया पंथीयांत मुंबईतील दाऊदी बोहरा व खोजा समाजांची स्वतंत्र परंपरा आहे. तलाक, बक्षीस आणि वक्फ यांतील हेतूचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढेही एकोणिसाव्या शतकापासून वारंवार आलेला आहे.

संज्ञा

नियत हा शब्द अरबी 'निय्या' या शब्दावरून फारसीमार्गे मराठीत आला. नियत साफ असणे, नियत फिरणे, बदनियत असे प्रयोग मराठीत रूढ आहेत. 'नेमलेला, ठरलेला' या अर्थाचा संस्कृत 'नियत' हा शब्द वेगळा. 'नियतकालिक' या शब्दात तो आढळतो. अरबी नियतला विभक्तिप्रत्यय लागला की होणारे रूप दैव या अर्थाच्या 'नियती' या शब्दासारखे दिसते. म्हणून या लेखात पुढे बहुतेक ठिकाणी हेतू हा शब्द वापरला आहे.

याच अर्थक्षेत्रातील कसद (निश्चय) आणि मकसद (उद्दिष्ट) हे शब्दही विधिग्रंथांत येतात. मकसदचे अनेकवचन मकासिद. मराठी दस्तऐवजांत 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले' असे शब्द येतात. त्यांतील राजी आणि अक्कल हे शब्द अरबी, तर खुशी आणि हुशारी हे फारसी वळणाचे आहेत. लिहून देणाऱ्याची संमती खरी होती आणि त्याची बुद्धी शाबूत होती, या दोन्ही गोष्टींची ग्वाही या शब्दांतून दिली जाते. मनातील हेतू कागदावर आणण्याचा हा रूढ मार्ग होय.

मूलाधार

कुराणात अनेक ठिकाणी हेतूचा निर्देश आहे. सहज तोंडातून गेलेल्या शपथेबद्दल माणसाला जबाबदार धरले जात नाही, मनापासून घेतलेल्या शपथेबद्दल धरले जाते, असा आशय दुसऱ्या व पाचव्या अध्यायांत येतो. चौथ्या अध्यायात चुकून झालेला मनुष्यवध आणि जाणूनबुजून केलेला वध यांत भेद केला आहे. जबरदस्तीखाली मुखाने श्रद्धा नाकारणारा, पण अंतःकरणात ती टिकवणारा माणूस दोषी नाही, असे सोळाव्या अध्यायात सांगितले आहे.

हदीस वाङ्मयात या विषयाचा मुख्य आधार म्हणजे दुसरे खलिफा उमर यांनी कथन केलेली हदीस. कृतीचे मोल तिच्यामागील हेतूवर ठरते आणि ज्याने जे इच्छिले तेच त्याच्या पदरी पडते, असा तिचा आशय आहे. स्थलांतराचे उदाहरण तिच्यात येते. एक जण ईश्वरासाठी घर सोडतो, दुसरा सांसारिक लाभासाठी किंवा विवाहासाठी. वाट एकच असली तरी दोघांची फळे वेगळी. इमाम बुखारी (मृत्यू ८७०) यांनी आपल्या हदीससंग्रहाच्या अगदी आरंभी हीच हदीस ठेवली.

पुढे विधिज्ञांनी तिच्यावरून एक सर्वसाधारण सूत्र तयार केले: कोणत्याही बाबीचा निर्णय तिच्यामागील हेतू पाहून करावा. शाफई विधिज्ञ सुयूती (मृत्यू १५०५) यांनी फिक्हच्या पाच मूलभूत सूत्रांत याला पहिले स्थान दिले. हनफी विधिज्ञ इब्न नुजैम (मृत्यू १५६३) यांनीही त्याचे विस्तृत विवेचन केले. उस्मानी साम्राज्याने १८६९ ते १८७६ या काळात 'मजल्ला' नावाची दिवाणी संहिता तयार केली. तिच्या दुसऱ्या कलमात हे सूत्र आहे. करारात शब्दांपेक्षा आशय व उद्दिष्ट पाहावे, असे तिसरे कलम सांगते.

नियत आणि मकासिद

हेतूविषयीची चर्चा दोन स्वतंत्र प्रश्नांत विभागली जाते. पहिला प्रश्न कर्त्याविषयी आहे: ही कृती करताना त्याच्या मनात काय होते? हा नियतचा प्रांत. दुसरा प्रश्न विधीविषयी आहे: हा नियम कशासाठी घालून दिला? हा मकासिदचा, म्हणजे शरीयतच्या उद्दिष्टांचा प्रांत.

इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी धर्म, प्राण, बुद्धी, वंश आणि मालमत्ता या पाच गोष्टींचे रक्षण हे शरीयतचे मूलभूत उद्दिष्ट मानले. ग्रॅनडा येथील मालिकी विधिज्ञ शातिबी (मृत्यू १३८८) यांनी 'अल-मुवाफकात' या ग्रंथात हा विचार पद्धतशीरपणे मांडला आणि दोन्ही प्रश्न एकत्र जोडले. नियमकर्त्याचे जे उद्दिष्ट आहे, त्याच्याशी कर्त्याचा हेतू जुळला पाहिजे. नियमाचे शब्द पाळून त्याचे उद्दिष्टच बुडवणारी कृती दोषास्पद होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. भारतात शाह वलीउल्लाह (१७०३–१७६२) यांनी 'हुज्जतुल्लाह अल-बालिगा' या ग्रंथात विधींमागील प्रयोजनांची मीमांसा केली.

महाराष्ट्राच्या भूमीतही या विचाराची जुनी परंपरा आहे. माहीम येथील मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) हे शाफई विधिज्ञ, सूफी आणि कुराणाचे भाष्यकार होते. विधींमागील प्रयोजनांवर त्यांनी अरबीत ग्रंथ लिहिल्याचे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. मुंबईतील त्यांचा दर्गा प्रसिद्ध आहे.

उपासनाविधींतील स्थान

उपासनेत हेतूची दोन कार्ये सांगितली जातात. एक म्हणजे नित्याची कृती आणि उपासना यांत भेद करणे. दिवसभर न खाणे हे आजारपणामुळे असू शकते, पथ्यामुळे असू शकते किंवा तो रोजा असू शकतो. फरक केवळ संकल्पाचा. दुसरे कार्य म्हणजे एका उपासनेतून दुसरी वेगळी ओळखणे. अनिवार्य नमाज कोणती आणि ऐच्छिक कोणती, हे कर्त्याच्या संकल्पावर ठरते. संकल्पाचे स्थान अंतःकरण मानले आहे. तो शब्दांत उच्चारणे ही अट नाही, जरी उत्तरकालीन अनेक विधिज्ञांनी मनाच्या एकाग्रतेसाठी उच्चार करणे चांगले मानले.

तपशिलांत मात्र विधिपंथांत मतभेद आहेत. अरबस्तानाशी चाललेल्या सागरी व्यापारातून कोकणात शाफई पंथ रुजला. पठारावर उत्तरेकडून आणि मध्य आशियातून आलेल्या परंपरेमुळे हनफी पंथ पसरला. परिणामी रत्नागिरी आणि सोलापूर येथील प्रचलित नियमांत पुढील फरक दिसतात.

नमाजपूर्वी हातपाय व तोंड धुण्याच्या विधीला वजू म्हणतात. शाफई मतानुसार संकल्प हे वजूचे अनिवार्य अंग आहे. हनफी मतानुसार तो सुन्नत, म्हणजे प्रशस्त आहे, पण त्याच्याअभावी वजू रद्द होत नाही. पाणी स्वभावतःच शुद्ध करते, असे त्यामागील कारण दिले जाते. पाणी नसताना मातीने करावयाच्या तयम्मुमसाठी मात्र हनफी पंथही संकल्प आवश्यक मानतो, कारण मातीत तो स्वभाव नाही.

रमजानच्या प्रत्येक रोज्याचा संकल्प शाफई मतानुसार आदल्या रात्री, पहाटेपूर्वी व्हावा लागतो. हनफी मतानुसार पहाट ते सूर्यास्त या काळाचा मध्य होण्यापूर्वी केलेला संकल्पही चालतो. मालिकी पंथ संपूर्ण महिन्यासाठी आरंभी केलेला एकच संकल्प पुरेसा मानतो.

प्रवासी चार रकातींची नमाज दोन रकातींची करतो. तो प्रवासी कधीपर्यंत राहतो, हे मुक्कामाच्या हेतूवर अवलंबून असते. हनफी मतानुसार पंधरा दिवस किंवा अधिक राहण्याचा निश्चय केला की तो निवासी होतो; शाफई मतानुसार येण्याजाण्याचे दिवस वगळून चार दिवस पुरतात. रत्नागिरीहून सोलापुरास दहा दिवसांच्या मुक्कामासाठी आलेल्या दोन सोबत्यांपैकी हनफी सोबती नमाज कसर, म्हणजे आखूड करील आणि शाफई सोबती ती पूर्ण पढेल. प्रवास एकच, मुक्काम एकच. एकाच निश्चयाला दोन्ही पंथ वेगळे वजन देतात.

जकातीचे उदाहरणही बोलके आहे. विक्रीच्या हेतूने घेतलेल्या मालावर, तो ठरावीक किमतीच्या वर असून वर्षभर राहिल्यास, अडीच टक्के जकात लागू होते. घरी वापरण्यासाठी घेतलेल्या वस्तूवर ती लागत नाही. दुकानात विक्रीला ठेवलेली सोलापुरी चादर जकातीच्या हिशोबात धरली जाते, अंगावर पांघरण्याची धरली जात नाही. व्यापाऱ्याने विक्रीची चादर घरी वापरायची असे ठरवले, तर केवळ त्या निश्चयाने ती हिशोबातून वगळली जाते. पण घरची चादर विकायची असे नुसते ठरवल्याने ती व्यापारी माल होत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष विक्री व्हावी लागते. व्यापार थांबवायला निश्चय पुरतो, व्यापार करायला कृती लागते, अशी या नियमाची उपपत्ती आहे.

व्यवहारातील हेतू

उपासनेत हेतूची परीक्षा ईश्वर करतो. व्यवहारात दुसऱ्या माणसाचा हक्क गुंतलेला असतो. त्यामुळे येथे हेतूला मर्यादा पडतात.

रस्त्यात सापडलेली वस्तू मालकाला परत देण्याच्या हेतूने उचलली, तर उचलणारा तिचा विश्वस्त ठरतो. त्याच्या चुकीवाचून ती नष्ट झाली तर भरपाईचा भार त्याच्यावर पडत नाही. स्वतःकडे ठेवण्यासाठी उचलली, तर तो बळकावणारा ठरतो आणि भरपाई द्यावी लागते. दोन्ही प्रसंगी बाहेरून दिसणारी कृती एकच आहे. म्हणून वस्तू उचलताना साक्षीदार ठेवावेत, असे हनफी ग्रंथ सुचवतात. मनातील हेतूला बाहेरचा पुरावा मिळावा, हा त्यामागील विचार आहे.

द्राक्षांचे उदाहरण विधिग्रंथांत पुष्कळ चर्चिले गेले आहे. द्राक्षबागांच्या सोलापूर जिल्ह्यातील वाचकाला ते लगेच उमगेल. मद्य करणाऱ्यास द्राक्षरस विकला, तर तो व्यवहार वैध काय? इमाम अबू हनीफा यांच्या मते वैध आहे, कारण विकलेली वस्तू स्वतः निषिद्ध नाही आणि दोष खरेदीदाराच्या पुढील कृतीत आहे. त्यांचे शिष्य अबू यूसुफ व मुहम्मद शैबानी यांना तो त्याज्य वाटतो. हंबली पंथ, खरेदीदाराचा उद्देश विक्रेत्याला ठाऊक असल्यास, असा व्यवहार रद्द मानतो. शाफई पंथ नैतिक दोष मान्य करतो, परंतु कराराचे बाह्य रूप निर्दोष असल्याने तो रद्द करीत नाही.

नियमाचे शब्द सांभाळून निषिद्ध फळ मिळवण्याच्या युक्तीला हीला म्हणतात. अशा युक्त्यांवर हनफी परंपरेत स्वतंत्र ग्रंथ लिहिले गेले. हंबली विधिज्ञ इब्न तैमिया आणि त्यांचे शिष्य इब्न कय्यिम (मृत्यू १३५०) यांनी त्यांच्यावर कठोर टीका केली. तीन तलाकांनंतर पूर्वपतीशी पुन्हा विवाह करता यावा, एवढ्याचसाठी दुसऱ्याशी केलेला औटघटकेचा निकाह हे हीलाचे सर्वाधिक वादग्रस्त उदाहरण आहे. मालिकी पंथ तो निकाह रद्द ठरवतो. हनफी पंथ तो निंद्य मानतो, पण बाह्यतः पूर्ण झाला असल्यास त्याला वैध समजतो.

भारतीय न्यायालयांपुढेही असाच प्रश्न आला. पहिली पत्नी असताना दुसरा विवाह करता यावा, एवढ्यासाठी हिंदू पतीने इस्लाम स्वीकारल्यास तो दुसरा विवाह ग्राह्य नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सरला मुदगल खटल्यात दिला.

काजी, मुफ्ती आणि अंतःकरण

हेतू आणि पुरावा यांतील ताण सोडवण्यासाठी हनफी विधिज्ञांनी एक महत्त्वाचा भेद केला. एक निर्णय 'कजा' या पातळीवरचा, म्हणजे न्यायालयीन. दुसरा 'दियाना' या पातळीवरचा, म्हणजे माणूस आणि ईश्वर यांच्यामधला. एखाद्याने स्पष्ट शब्द उच्चारला आणि नंतर आपल्या मनात निराळाच अर्थ होता असे सांगितले, तर त्याचे म्हणणे दियानाच्या पातळीवर खरे मानता येते. काजी मात्र शब्दाचा प्रचलित अर्थच धरतो. मुफ्ती विचारणाऱ्याच्या कथनावर विसंबून मत देऊ शकतो. काजीला दुसऱ्या पक्षाच्या हक्काचे रक्षण करायचे असते, म्हणून त्याला उघड पुराव्यावर चालावे लागते.

औरंगजेबाच्या काळात शेख निझाम बुऱ्हाणपुरी यांच्या नेतृत्वाखाली विधिज्ञांच्या मंडळाने संकलित केलेल्या 'फतावा-ए-आलमगिरी' या ग्रंथात अशा हनफी मतांचा मोठा संग्रह आहे. पुढे ब्रिटिशकालीन न्यायालयांनी या ग्रंथाचा आणि मर्गिनानी (मृत्यू ११९७) यांच्या 'हिदाया' या ग्रंथाचा आधार घेतला. परंतु इंग्रजी पद्धतीच्या न्यायालयांत दियानाला जागा नव्हती. काजी आणि मुफ्ती मिळून जो तोल सांभाळीत, त्यातील केवळ कजाची बाजू उरली.

तलाक

या बदलाचा सर्वांत मोठा परिणाम स्त्रियांवर झाला. हनफी मतानुसार तलाकचे शब्द दोन प्रकारचे असतात. 'सरीह' म्हणजे स्पष्ट शब्द. त्यांत हेतू वेगळा सिद्ध करावा लागत नाही. 'किनाया' म्हणजे संदिग्ध शब्द. 'तू माहेरी जा' यासारख्या वाक्यात तलाकचा हेतू होता किंवा प्रसंगावरून तो स्पष्ट होतो, असे दिसल्यासच तलाक होतो. थट्टेत, जबरदस्तीखाली किंवा नशेत उच्चारलेला स्पष्ट शब्दही हनफी परंपरेने लागू मानला. शाफई पंथ जबरदस्तीचा तलाक मानत नाही. शिया जाफरी पंथात निश्चित शब्द, दोन साक्षीदार आणि खरा हेतू या तिन्ही गोष्टी आवश्यक असून थट्टा, जबरदस्ती व नशा यांतील तलाक निरर्थक आहे.

सरीह शब्दाला हेतूची गरज नाही, या नियमाची मूळ दिशा जबाबदारीची होती: पतीने विवाहासारख्या गंभीर विषयात शब्दांशी खेळू नये आणि नंतर पत्नीला फसवू नये. प्रत्यक्षात मात्र त्याची शिक्षा अनेकदा पत्नीला व मुलांना भोगावी लागली. १९०५ मध्ये साराबाई विरुद्ध राबियाबाई या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने एकाच वेळी दिलेला अपरिवर्तनीय तलाक कायद्याने परिणामकारक मानला. धर्मदृष्ट्या तो निंद्य असल्याची जाणीव निकालात व्यक्त झाली, तरी निर्णय बदलला नाही. रशीद अहमद विरुद्ध अनीसा खातून (१९३२) या उत्तर भारतातील खटल्यात प्रिव्ही कौन्सिल याच तत्त्वाच्या टोकाला गेली. पतीने साक्षीदारांसमोर तीनदा तलाक उच्चारल्यानंतरही हे जोडपे सुमारे पंधरा वर्षे एकत्र राहिले आणि त्यांना पाच मुले झाली. तलाक खरोखर देण्याचा पतीचा हेतू नव्हता, हा मुद्दा गैरलागू ठरवून प्रिव्ही कौन्सिलने तलाक वैध मानला. परिणामी ती पाचही मुले अनौरस ठरून वारसाहक्काला मुकली. वंशरक्षण हे शरीयतचे एक मूलभूत उद्दिष्ट मानले, तर नियमाचे शब्द आणि नियमाचे उद्दिष्ट यांतील अंतर येथे स्पष्ट दिसते.

महाराष्ट्रात या अन्यायाविरुद्ध संघटित आवाज हमीद दलवाई यांनी उठवला. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना झाली.

न्यायालयीन दृष्टी २००२ मध्ये बदलली. दगडू पठाण विरुद्ध रहिंबी पठाण या पोटगीच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील पूर्णपीठाने निर्णय दिला की, आपण पूर्वीच तलाक दिला असे पतीने लेखी जबाबात म्हटल्याने तलाक सिद्ध होत नाही. तलाकमागे सयुक्तिक कारण असावे, त्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या मध्यस्थांकरवी समेटाचा प्रयत्न व्हावा आणि या गोष्टी पुराव्याने शाबीत कराव्यात. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा खटल्यात हेच तत्त्व मान्य केले. समेटाची अट कुराणातच असल्याने, या निकालांत केवळ उच्चाराऐवजी विधीच्या उद्दिष्टाला महत्त्व मिळाले असे म्हणता येते.

२२ ऑगस्ट २०१७ रोजी शायराबानो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने एका दमातील तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला. २०१९ च्या कायद्याने असा तलाक उच्चारणे हा तीन वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा झाला. हेतूच्या दृष्टीने ही स्थिती १९३२ च्या बरोबर उलट आहे. तेव्हा हेतू नसतानाही शब्दाने विवाह मोडत असे. आता हेतू असला तरी त्या शब्दाने विवाह मोडत नाही.

बक्षीस आणि मृत्युशय्येवरील दान

हयातीत दिलेल्या दानाला हिबा म्हणतात. देण्याची घोषणा, घेणाऱ्याचा स्वीकार आणि ताबा देणे या त्याच्या तीन अटी आहेत. यांतील ताबा हा देण्याच्या हेतूचा दृश्य पुरावा समजला जातो. या अटी पूर्ण असल्यास तोंडी हिबाही वैध असून नोंदणीअभावी तो रद्द होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हफीजा बीबी खटल्यात स्पष्ट केले.

मृत्यूस कारण झालेल्या आजारात, म्हणजे 'मर्ज-उल-मौत' अवस्थेत केलेले दान मात्र हनफी मतानुसार मृत्युपत्रासारखे मानले जाते. अंत्यविधीचा खर्च आणि कर्ज वजा जाता उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच ते चालते आणि एखाद्या वारसाला दिले असल्यास इतर वारसांची संमती लागते. मरणाच्या छायेत माणूस वारसांचा वाटा बुडवण्याच्या हेतूने मालमत्ता दुसरीकडे वळवील, ही शक्यता या नियमाने रोखली आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबई उच्च न्यायालयाने ही अवस्था ओळखण्यासाठी तीन निकष मांडले: मृत्यू नजीक असण्याचा धोका, रुग्णाच्या मनातील मृत्यूची धास्ती आणि नित्याचे कामकाज करता न येण्यासारखी बाह्य लक्षणे. मन आणि बाह्य खूण यांना येथे एकाच कसोटीत बसवले आहे.

वक्फ

वक्फ म्हणजे धार्मिक किंवा परोपकारी उद्देशासाठी मालमत्ता कायमची समर्पित करणे. वक्फ करणाऱ्याने घातलेल्या अटींना विधिज्ञांनी जवळजवळ धर्मवचनाइतके महत्त्व दिले. वक्फ कधी पूर्ण होतो, याविषयी मात्र हनफी परंपरेत दोन मते आहेत. अबू यूसुफ यांच्या मते घोषणा पुरेशी आहे. मुहम्मद शैबानी यांच्या मते मालमत्ता व्यवस्थापकाच्या (मुतवल्लीच्या) ताब्यात जाणे आवश्यक आहे.

कुटुंबीयांच्या लाभासाठी केलेल्या वक्फात हेतूचा प्रश्न कळीचा ठरला. १८९४ मध्ये अबुल फता खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने अशा वक्फातील गरिबांचा वाटा नाममात्र असल्याचे सांगून तो रद्द केला. आपल्या कुटुंबाचे पोषण हेही इस्लामी दृष्टीने पुण्यकर्म आहे, हा विचार त्यात दुर्लक्षित झाला, अशी टीका झाली. मुंबईचे प्रतिनिधी महंमद अली जिना यांनी केंद्रीय कायदेमंडळात विधेयक मांडले आणि १९१३ च्या कायद्याने कौटुंबिक वक्फ पुन्हा वैध झाला, मात्र अंतिम लाभ गरिबांना किंवा कायमस्वरूपी धर्मकार्याला मिळाला पाहिजे, ही अट राहिली. १९३० मध्ये हे संरक्षण १९१३ पूर्वीच्या वक्फांनाही मिळाले.

लेखी घोषणा नसली, तरी मशीद किंवा कब्रस्तान म्हणून झालेल्या प्रदीर्घ वापरावरून समर्पणाचा हेतू गृहीत धरला जाई. २०२५ च्या वक्फ (सुधारणा) कायद्याने हा मार्ग पुढील काळासाठी बंद केला आणि कौटुंबिक वक्फामुळे स्त्री वारसांचा हक्क डावलला जाऊ नये, अशी तरतूद केली. वक्फ करणारी व्यक्ती किमान पाच वर्षे इस्लामचे पालन करणारी असावी, ही त्यातील अट सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ रोजी, त्यासंबंधीचे नियम होईपर्यंत स्थगित केली. श्रद्धेसारखी अंतरंगातील गोष्ट मोजायची कशी, हा जुनाच प्रश्न त्यातून नव्याने पुढे आला. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगर येथे आहे.

गुन्ह्यातील हेतू

मनुष्यवधाचे हनफी ग्रंथांत हेतुपुरस्सर, अर्धहेतुपुरस्सर आणि चुकून झालेला असे मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात वारसांना प्राणदंड मागण्याचा, क्षमा करण्याचा किंवा तडजोडीने रक्कम घेण्याचा अधिकार असतो. इतर प्रकारांत रक्तमूल्य आणि प्रायश्चित्त असते. मनातला हेतू कसा ओळखावा? इमाम अबू हनीफा यांनी हत्यार ही त्याची खूण मानली. तलवारीसारख्या धारदार शस्त्राने केलेला वध हेतुपुरस्सर; मोठ्या दगडाने किंवा काठीने केलेला तसा नव्हे. त्यांच्या दोन्ही शिष्यांनी हे मत स्वीकारले नाही. ज्याने सामान्यतः मृत्यू येतो असे कोणतेही साधन त्यांनी पुरेसे मानले. बंगालमध्ये कंपनी सरकारने १७९० मध्ये हत्याराऐवजी प्रत्यक्ष हेतू पाहण्याचा नियम केला. मुंबई इलाख्यात १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेने इस्लामी फौजदारी कायद्याची जागा घेतली आणि १८६२ पासून भारतीय दंड संहिता सर्वत्र लागू झाली. त्यामुळे भारतात या भागाला आता केवळ ऐतिहासिक महत्त्व आहे.

आजची स्थिती

१९३७ च्या शरीयत कायद्यानुसार विवाह, तलाक, हिबा आणि वक्फ यांसारख्या विषयांत भारतातील मुस्लिमांना मुस्लिम वैयक्तिक कायदा लागू होतो. त्याच्या अभ्यासात मुंबईचा वाटा मोठा आहे. दिनशा मुल्ला व फैज बद्रुद्दीन तय्यबजी यांचे ग्रंथ आणि माथेरान येथे जन्मलेले असफ अली असगर फैजी (१८९९–१९८१) यांचा १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ आजही न्यायालयांत आधारासाठी घेतले जातात. फैजी यांनी इस्माइली विधिग्रंथ 'दआइम-अल-इस्लाम' याचे संपादन करून शिया परंपराही अभ्यासकांपुढे आणली.

आधुनिक अभ्यासकांत दोन प्रवाह दिसतात. एका प्रवाहाच्या मते नियमांची शब्दरूपे हाच दुर्बल पक्षाचा आधार आहे. हेतूला अमर्याद महत्त्व दिले, तर बलवान माणूस आपला हेतू सोयीनुसार सांगेल. ट्युनिशियाचे इब्न आशूर (१८७९–१९७३) यांच्यासारखे दुसऱ्या प्रवाहातील अभ्यासक विधीच्या उद्दिष्टाला अग्रस्थान देतात. शब्द पाळूनही अन्याय होत असेल, तर नियमाचे प्रयोजनच हरवते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. महाराष्ट्रातील न्यायालयीन निर्णयांचा शंभर वर्षांचा प्रवास पहिल्या भूमिकेकडून दुसरीकडे झुकत गेलेला दिसतो. उपासनेच्या क्षेत्रात मात्र स्थिती बदललेली नाही. तेथे काजी नसतो, साक्षीदार लागत नाही आणि ज्याचा हेतू त्यालाच ठाऊक असतो.